मानाच्या बाराची बंदूक

मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. आताच बंदूक गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवली, शिडी उतरलो, पुन्हा चढून गोधडीचे सुटलेले टोक आत खोचले आणि हात धुऊन लिहायला बसलो.

तीर्थरूप सागरकाकांना नितेशचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आता दिसते कसे? नसेल नीट दिसत तर पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे, पण काकूंकडून नको. इकडे आई बरी आहे, हौसाआत्या जरा जास्तच बरी आहे. फोन न करता पत्र का, असे तुम्ही म्हणाल. घरात रेंज येत नाही, ती फक्त पारावर येते, आणि पारावर उजाडल्यापासून खालच्या वाडीची माणसे बसलेली असतात. तुमचे व्हॉट्सअॅप काकू वाचतात, आणि काकूंचे माहेर खालच्या वाडीत. (हे वाक्य आपल्या वाडीच्या मुंबई मंडळाच्या सभेत वाचू नये. बाकीचे वाचावे.)

सभेत नवीन पोरे असतील म्हणून पहिल्यापासून लिहितो. शिमग्याला पालखी देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की बंदुकीचा पहिला बार आपल्या वरच्या वाडीचा, हा मान पणजोबांपासूनचा. पण आपल्या ठासणीच्या बंदुकीचा (‘बंदूक’ लिहिताना दू दीर्घ, अनेकवचनात ऱ्हस्व, मी कोशात बघून घेतले आहे) दस्ता वाळवीने खाल्ला, नळीला चीर गेली, आणि गेले दोन शिमगे तो बार खालच्या वाडीचे जानूकाका काढतात. यंदाही आपला बार झाला नाही तर मान कायमचा त्यांचा, असे गावकीत ठरले आहे. होळी तेवीस दिवसांवर आली. म्हणून मुंबई मंडळाने पंचवीस हजार पाठवले आणि मला रविवारी चिपळूणच्या लिलावाला धाडले. आत्याला कुणी धाडले नव्हते. ती एस.टी.त माझ्याआधी बसलेली होती.

लिलाव एका मंगल कार्यालयात होता. कुणा हौशी माणसाने जन्मभर जुनी हत्यारे जमवली आणि तो गेल्यावर मुलांनी ती मुंबईच्या लिलाववाल्यामार्फत विकायला काढली. जेवणाच्या टेबलांवर पांढरी चादर आणि तिच्यावर ओळीने चौतीस बंदुका. काका, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मला बंदुकीची भीती नाही, परवान्याची आहे. (बंदुकीचीही आहे, पण ती नंतर.) बिनपरवान्याची बंदूक घेऊन मी एस.टी.त बसलो आणि पोलिसांनी धरले, तर आईला कोण सांगणार, या विचाराने मी आदल्या रात्री दोनदा उठून पाणी प्यालो होतो. म्हणून मी पहिल्या टेबलापासून सुरुवात केली आणि प्रत्येक बंदुकीपाशी तिथल्या माणसाला विचारत गेलो, हिला परवाना लागेल का? लागेल. हिला? लागेल. अठरा वेळा तो लागेल म्हणाला, आणि एकोणिसाव्याला म्हणाला, हिला नाही लागत. काळाभोर शिसवी दस्ता, पितळेच्या तीन कड्या, घोड्याजवळ कोरलेले हरीण. मी पुढे काही विचारले नाही. देव देतो तेव्हा कारण विचारू नये.

आता बोलीचे. आमच्या हातात बारा नंबराची पाटी दिली होती, म्हणजे दिली मला आणि धरली आत्याने. एकोणीस नंबर बारा हजारांवर उघडली. मागे गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेले एक मुंबईचे गृहस्थ होते, त्यांनी चोवीस हजारांपर्यंत दम धरला. ते थांबले म्हणून मी श्वास सोडतो, तोच तिसऱ्या रांगेतून पाटी वर आली. बघतो तर जानूकाका. पांढरी टोपी, शिमग्याचाच सदरा. सत्तावीस, अठ्ठावीस, तीस. माझ्याकडे मंडळाचे पंचवीस आणि माझे साडेचार, एवढेच. मी आत्याचा हात खाली ओढला. ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, “सोड मेल्या! देवाचं काम हाय. पैसं काय, पुढल्या शिमग्याला!”

काका, खरे सांगतो, मलाही ते पटले. आपल्याकडे देवळात नारळाचा लिलाव होतो तेव्हा बोली यंदा आणि पैसे पुढच्या वर्षी, हा रिवाजच आहे. (वाडीतल्या बाबल्याने बोलीत घेतलेल्या फणसाचे पैसे चार वर्षे झाली तरी यायचेत, त्याला कुणी लिलाव मोडला म्हणत नाही.) जानूकाका साडेएकतीस म्हणाले. आत्या उभी राहून बत्तीस म्हणाली आणि वर, “जान्या, बस खाली!” ते बसले. हातोडा पडला.

टेबलावर नम्रता नावाची पट्टी लावलेली मुलगी होती. तिने बत्तीस हजारांवर शेकडा दहाप्रमाणे दलाली तीन हजार दोनशे लावली आणि कार्ड की रोख विचारले. आत्या म्हणाली, “बाय, शिमग्याला देतंव.” मुलीने विचारले, शिमगा ही कोणती बँक? अर्ध्या तासात पैसे भरले नाहीत तर बंदूक पुन्हा बोलीला जाणार होती, आणि चष्मेवाले गृहस्थ तिथेच थांबले होते. एस.टी., मिसळ आणि आत्याच्या सुक्या मच्छीचे पाचशे धरून सहा हजार दोनशे कमी. मी खिसे उलटे करून बघितले, आत्या त्या मुलीला गावकीचे नियम सांगू लागली. तेवढ्यात मागून एका हाताने टेबलावर नोटा मोजून ठेवल्या. जानूकाका.

“काय भांडायचं ता घरात भांडू,” ते म्हणाले. “भायेरच्या मान्साफुडं गावाची मान खाली नको.” आणि आत्याला, “हौशे, मना सगळ्यांत बस म्हणालीस ना? आता ऱ्हा हुबी.” आत्या खरोखरच उभी राहिली. एस.टी.त शिरेपर्यंत. तिथे तिने गोधडीत काय आहे ते विचारायच्या आधीच सगळ्यांना सांगितले, आणि पुढच्या तीन सीटा आमच्यासाठी रिकाम्या झाल्या.

येणेप्रमाणे बंदूक सुखरूप घरी आली आहे. मंडळाचे आभार. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
नितेश

ता. क. (इथून खालचा कागद फाडून तुमच्याजवळ ठेवावा.) काल रात्री बंदुकीसोबतचा कागद मी नीट वाचला. परवाना लागत नाही, कारण नळीत तोंडापासून बुडापर्यंत शिसे ओतून ती बंद केली आहे. तिच्यातून बार तर सोडाच, वारासुद्धा जाणार नाही. मी आईला अजून सांगितलेले नाही. तरी काका, येताना मुंबईहून सुतळी बॉम्बच्या दोन पेट्या आणाव्यात. मी पालखीपुढे बंदूक धरून उभा राहीन, घोडा ओढीन, आणि त्याच क्षणी तुम्ही सहाणेमागे वाकून वात पेटवायची. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष आहात हे मी जाणतो. पण मला आवाजाची भीती वाटते.

ता. क. २. पाकिटाला डिंक लावत होतो तर जानूकाका आले आणि सरळ म्हणाले, “शिसा वाचलास काय कागदावर? मी लिलावाच्या आधीच वाचलेला.” मग इतकी बोली कशाला वाढवली, असे मी विचारले. “आमची बंदूक तारेनं बांधलेली हाय, बग. दोन वर्सं तीपन मुकीच. आवाज काय, सुतळी बॉम्बाचा येतो. बंदूक दिसाय पायजे!” मी पाकीट पुन्हा उघडले. ते म्हणाले, मान तुमचाच, पहिला बार तुम्ही काढा, दुसरा आम्ही. सहाणेमागे आमच्या पोरांनी खड्डा काढून ठेवलाय, त्यातच बसा, नवा खणू नका, लोकांना दिसेल. तेव्हा पेट्या दोन नव्हे, चार आणाव्यात.

हिशेब: मंडळाचे २५,०००, माझे ४,५००, जानूकाकांकडून उसने ६,२००, एकूण जमा ३५,७००. बंदूक ३२,०००, दलाली ३,२००, एस.टी. (आत्याचे अर्धे तिकीट धरून) २१०, मिसळ दोन १४०, सुकी मच्छी १५० (आत्या म्हणते, हा मंडळाचा खर्च), एकूण खर्च ३५,७००. शिल्लक काही नाही. जानूकाकांचे देणे ६,२००, त्यातून त्यांच्या दोन पेट्यांचे २४० वजा, राहिले ५,९६०. कधी द्यायचे विचारले, तर म्हणाले, पुढल्या शिमग्याला.