खानावळ बंद नव्हती

मंगळवार संध्याकाळ, बीड

बालाजी, माझा शाळेतला दोस्त, मी पुण्याहून आल्यापासून सांगत होता की आमची शाळेपासूनची मावशींची खानावळ बंद पडली. म्हणून दोन दिवस त्याच्याबरोबर एसी हॉटेलात पनीर आणि बाटलीचं पाणी. आज एकटाच फिरायला निघालो, तर खानावळ चालू! आणि आत बालाजीच भाकरी कुस्करत बसलेला.

"खोटं कावून बोललास बे?"

तो ओशाळला. "पुण्याच्या पाहुण्याला हितं कसं आणायचं? बरं दिसतंय का?"

पाहुणा? मी? याच बाकावर आम्ही दोघं एका ताटात जेवलोय! रागारागातच बसलो. मावशींनी सगळ्यांना तांब्यातलं पाणी दिलं. माझ्यापुढे मात्र, न विचारताच, सीलबंद बाटली ठेवली. ती न उघडताच लॉजच्या खोलीवर परत आलोय, अजून तहानलेलाच आहे.