मोहाखालचा पाला

माय,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुलाच लिहावंसं वाटलं. काल लेकीची बॅग रिकामी करायला घेतली, तर तिनं माझा हात धरला. आम्ही नागपुरात राहायला येऊन महिना होत आला तरी तिचे कपडे बॅगेतच आहेत. मला राग आला, ओरडणारही होते, आणि एकदम गोंदियातल्या मुर्रीची ती भाड्याची खोली आठवली.

चिचगड सोडून आपण गोंदियाला आलो आणि तू होस्टेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागलीस. बसमध्येच तू बजावलं होतंस, कोणाची तक्रार आली तर गावी मामाकडं परत पाठवीन. मला गाव हवं होतं, पण तुझ्याशिवायचं नको. शाळेत पोरं हिंदीत बोलायची आणि मी तोंड उघडलं की खिदळायची. मी बोलणंच बंद केलं. घरमालकिणीच्या परसात मोहाचं झाड होतं, तेवढाच काय तो जिवाला आधार. चैतात फुलं टपटपायला लागली, पाल्यात पडून सडायला लागली, कोणी वेचेना. मला पाहवेना. गावात मोह वेचण्याआधी करतात तशी खालची जमीन मोकळी करावी म्हणून मी पाल्याला काडी लावली.

वाऱ्यानं आग सरकत धानाच्या वाळल्या तणसाच्या ढिगाला भिडली. मालकीण बादल्या ओतते आहे, ओरडते आहे, "घर जला देगी क्या? आने दे तेरी माँ को, कमरा खाली करवाती हूँ!" मी खोलीत पळाले, माझे दोन्ही फ्रॉक पिशवीत कोंबले आणि दाराशी बसून राहिले. तू येतेस. पिशवी तुला दिसते, पण तू आधी मालकिणीसमोर जाऊन उभी राहतेस. "मैंने ही बोली थी बाई, कचरा जला दे करके. लड़की का कसूर नहीं है." ती तुला नाही नाही ते बोलली. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मला तुझ्याकडं बघवत नव्हतं.

खोली टिकली. आत आल्यावर तू मला एक सणसणीत थापड दिलीस. "कडेचा पाला पयले काऊन नाही ओढलीस? अशी लावतेत का आग?" मग पिशवीकडं बघून म्हणालीस, "हे कायले भरलीस? खाली कर. उद्या शाळा आहे."

लेकीची बॅग मी आता तशीच राहू दिली आहे. तेव्हा मी पिशवी रिकामी केली, पण एक फ्रॉक तळाशी ठेवला होता, माय. तुझ्यावर भरवसा नव्हता माझा. पावसाळा लागेपर्यंत तू रोज एकच फ्रॉक धुवून वाळत घालत राहिलीस, आणि दुसरा कुठं आहे हे एकदाही विचारलं नाहीस.