तिच्याऐवजी मी दिलेली उत्तरं

प्रिय खारूताई,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठून खाली कारखान्यात गेलो, पटाशांना धार लावत बसलो. आता धार लावायला एकही पटाशी उरलेली नाही, म्हणून लिहितो.

आईला जाऊन सात महिने झाले. त्या दिवशी जमलेल्या लोकांपुढे तू म्हणालीस, "बाबांनी आईचं जेवढं केलं तेवढं कुणी करणार नाही." मावशीने मान डोलावली. मी खाली बघत उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, दुःखाने. तसं नव्हतं.

संधिवाताने तिची बोटं वाकायला लागली तसं मी घर बदलत गेलो, हे तू पाहिलंच आहेस. सुताराला दुसरं काय येतं? नळाला लांब दांडा, कपाटाला मुठीऐवजी चामड्याचा पट्टा, सगळ्या फळ्या हाताशी येतील अशा, आणि घरभर फिरायला चाकांचं स्टूल. "अहो, आता मलाच तेवढी चाकं लावायची राहिलीत," असं म्हणायची. मला फार अभिमान होता त्याचा. पण चालायचंच नसल्यामुळे, चार पावलांत तिला दम लागतो हे तिलाही कळलं नाही आणि मलाही. मग तिचा आवाज बसायला लागला, हाक खालपर्यंत येईना. मी तिला एक हलकी मोगरी करून दिली, जाड दांड्याची, दांड्याला लोकर गुंडाळलेली. फरशीवर एकदा ठोकलं की चहा झाला, दोनदा ठोकलं की वर या, तीनदा ठोकलं की रंधा बंद करा, डोकं उठलं. आम्ही हसायचो. घशात आवाजाच्या पेटीलाही दोन इवलेसे सांधे असतात आणि या आजारात तेही सुजतात, हे मला फार उशिरा कळलं. जन्म गेला माझा सांधे बसवण्यात.

खोकला मात्र मला वेळेवर कळला होता. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण माझ्याशिवाय ते फक्त तिलाच माहीत होतं. कोरडा खोकला, दीड वर्ष. दर तीन महिन्यांनी आम्ही दाखवायला जायचो. डॉक्टर बोटं दाबून बघायचे, गोळ्यांचं विचारायचे आणि लिहिता लिहिता म्हणायचे, "खोकला, दम वगैरे?" मी तिच्या आधी बोलायचो. "छे, काही नाही. हवा बदलली की होतं थोडं." खाली माझा भुसा उडतो आणि वर ती राहते. खोकला म्हटलं की कारखाना बंद करा म्हणणार, अशी माझी खात्री होती. पहिल्यांदा मी असं बोललो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरची पिशवी सारखी केली. घरी आल्यावर म्हणाली, "दमलात तुम्ही, बसा जरा." पुढे डॉक्टरांनी विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि उत्तर मी द्यायचो. तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

शेवटी तिचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा गेलो. त्या वेळी नवीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "काकू, तुम्ही सांगा." आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दीड वर्ष झालं असेल." बाईंनी तिच्या पाठीला नळी लावली आणि मलाही ऐकवलं. सुक्या ढलप्यांवर पाय पडावा तसा आवाज होता. फोटोत दोन्ही फुफ्फुसं खालून निबर झालेली. मी भुशाचं विचारलं. त्या म्हणाल्या, भुसा चांगला नाहीच, पण हे त्याचं नाही, हा संधिवातच आहे, तो सांध्यांपुरता राहत नाही. आधी कळलं असतं तर त्याचा वेग कमी करायला औषधं देता आली असती. म्हणजे कारखाना बंद करा असं कदाचित कुणी म्हटलंही नसतं.

त्यानंतर ती चार महिने होती. त्यावरून मला एका शब्दाने बोलली नाही. एकदा मी कसाबसा विषय काढला, तर तिने मोगरी उचलली आणि तीनदा ठोकली.

तू लिहिलं आहेस की सकाळी बोटं उघडायलाच तासभर लागतो, आणि येत्या बुधवारी दाखवायला जाणार आहेस. "हा बरोबर येतोय, तोच सगळं बोलेल. अगदी तुमच्यासारखा आहे." हे वाक्य वाचून मी धार लावायला गेलो होतो. जावई चांगले आहेत. मीही चांगलाच होतो गं. तू त्यांना बाहेर बाकावर बसव. बोटांचं सांग, आवाजाचं सांग, खोकला असो की नसो, ते तुझ्या तोंडाने सांग. आईचंही सांग. तिच्या वेळी एवढा उशीर का झाला असं विचारलं, तर हे पत्र दाखव.

हे वाचूनही म्हणू देणार असशील तर,

तुझाच,
बाबा