चौघांना एकच अक्षर

॥ श्री ॥

तंजावर, ता. ३ फेब्रुवारी २०२५

गं. भा. नंदितास आशीर्वाद.

पार्सल शनिवारी पोहोचले. त्यात निघाले ते असे : पोन्नी तांदूळ दोन किलो, नारळ तीन (एक तडकलेला), खोकल्यासाठी ताडाची खडीसाखर, शांभवीला निळी पावाडै आणि तुझे पत्र. टपालखर्च एकशे अठ्ठ्याऐंशी. पापनाशमहून इथवर बसला पाऊण तास लागतो. पण मी दार उघडणार नाही हे तुला ठाऊक, म्हणून टपालखात्याचे भले झाले. तांदूळ देवळात देईन. पावाडै नेसवून पाहिली, परकर घोट्याच्या वर राहतो. नऊ वर्षांची मुलगी तीन महिन्यांत किती वाढते ते आईला कळते, आई जवळ असली तर.

गं. भा. लिहिले म्हणून रागावू नको. कार्तिकात तू कचेरीत जाऊन सही केलीस आणि त्या शिवकुमारची बायको झालीस, ते सरकारने लिहून घेतले. माझ्या वहीत तू अजून माझ्या राघवेंद्राची विधवा आहेस. तू गेलीस त्या दिवशी पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीसमोर मी बोलले की तुझा आवाज कानी पडू देणार नाही, म्हणून फोनही करू नको. पत्र चालेल. मी देवनागरीतच लिहिणार. तुला वाचता येत नसेल तर कोणी तरी वाचून दाखवील. तेवढीच चार माणसांना आपली खुशाली कळेल.

तुझे पत्र मात्र मराठी असून तमिळ अक्षरांत. त्या लिपीत प, फ, ब, भ या चौघांना एकच अक्षर. एका खोलीत कोंबलेल्या पाहुण्यांसारखे, कोण कुठला कळेना. शेजारच्या वेंकूबाईला दाखवले तर ती म्हणाली की या हिशेबाने नंदिताचे नवे गाव पापनाशम नव्हे, बापनाशम होते. मी तिला दटावले. पण खोटे कसे म्हणू?

आता मुद्द्याचे. तू लिहितेस : ते गेल्यावर देवाने मला फळ दिले, ते उपकार जन्मात विसरणार नाही. तीन वेळा वाचले. अकरा दिवस माझा मुलगा तापात इस्पितळात पडून होता. मी इकडे एकभुक्त राहून नवस बोलत होते. तू त्याच्या उशाशी बसून हे फळ मागत होतीस काय? तीन वर्षे माझ्या घरचा भात खाऊन, त्याच्या तसबिरीला रोज हार घालून, मनात ही फळाची वाट?

शांभवी आता देवनागरी बरे वाचते आणि तमिळ तर शाळेचेच. तुझे पत्र तिच्याकडूनच वाचून घेतले. आईचे पत्र आहे, तिला हक्क आहे. त्या ओळीवर ती अडखळली, म्हणून तो शब्द देवनागरीत वीस वेळा लिहून घेतला. एप्रिलात परीक्षा झाली की तिला न्यायचे आपले ठरले होते. आता तिला विचार, येतेस का म्हणून.

लोभ होता. उरला तो शांभवीपुरता.

धनलक्ष्मी


पापनाशम, ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस नंदिताचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र सीतारामराव आजोबांनी वाचून दाखवलं. आपल्यातलेच आहेत, शाळेतून निवृत्त झालेले. या गावात देवनागरी येणारे तेवढेच मला ठाऊक. त्यांच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसलो होतो, रस्त्यावरून माणसं जात होती. पहिली दोन अक्षरं पाहून आजोबा खोकले. मग म्हणाले, पत्र जसं लिहिलंय तसंच वाचायला हवं, आणि गं. भा. मोठ्यानं वाचलं. शिवकुमार बाजूला हेल्मेट धरून उभे होते. त्यांना मराठी येत नाही. त्यांनी विचारलं याचा अर्थ काय. मी सांगितलं, आमच्यात मानाच्या बायकांना असं लिहितात. त्यांना बरं वाटलं.

आई, मी फळ लिहिलं नव्हतं. मी बळ लिहिलं होतं. तमिळमध्ये दोन्ही सारखंच दिसतं, हे तुम्हीच त्या पत्रात वर लिहिलंय आणि खाली विसरलात. ते गेल्यावर मला केस विंचरायचं बळ नव्हतं. तुम्ही मला पाटावर बसवून मऊ भात कालवून भरवायचात, मी तोंड मिटून घेतलं की तुम्हीही उपाशी राहायचात, आठवतं? तिथून उठले मी. ते बळ कुणाचं होतं? देवाचं नाव लिहिलं, पण उपकार तुमचे मोजत होते. पत्र लिहायला बसले तीच त्यासाठी.

खात्री पटावी म्हणून खाली तो एक शब्द आजोबांकडून देवनागरीत लिहून घेतला आहे :

बळ

हा शांभवीला दाखवा. एवढंच करा. लहान आहे, मनात धरून बसेल.

यांच्या तिथीला येऊ का? (तुमच्या समोर त्यांना ‘हे’च म्हणायची सवय आहे, माफ करा.) स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, कशाला शिवणार नाही. बाहेरच्या ओसरीवर बसेन, पान उठलं की निघेन. शांभवीची परीक्षा सतरा एप्रिलला संपते. तिच्यासाठी इथं खिडकीजवळ खाट टाकली आहे. कालवा दिसतो.

तुमचा लोभ होता तसाच असू द्या.

नंदिता


॥ श्री ॥

तंजावर, ता. ११ मार्च २०२५

गं. भा. नंदितास आशीर्वाद.

पत्र पोहोचले. बळ हा शब्द पाहिला. वळणदार आहे, जुन्या मास्तरांचा हात. पण अक्षर त्यांचे, मग शब्द तुझा कसा मानू? बोललेले अंगाशी आले की असे मागाहून दुसऱ्याच्या हातून दुरुस्त करून घेता येते. शांभवीला दाखवला नाही. पोरीला एकदा एक सांगितले, आता दुसरे सांगून तिचा गोंधळ करणार नाही.

श्राद्ध रविवारी यथासांग झाले. ओरत्तनाडूहून पुतण्या सेतुमाधव रजा काढून आला, त्याने केले. तू ज्या पाट्यावर डाळ वाटायचीस तिथे मी बसले. गुडघा वळत नाही, पण वाटली. तू ओसरीवर बसायला येणार होतीस. कोण म्हणून बसणार होतीस? त्याची बायको म्हणून की दुसऱ्याची? ब्राह्मणांनी विचारले असते तर मी काय सांगायचे होते?

पिंड मागच्या भिंतीवर ठेवला. कावळा वेंकूबाईच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला, इकडे ढुंकून बघेना. सेतुमाधव हात जोडून म्हणाला, विडी सोडतो. कावळा जागचा हलला नाही. सगळे हसले, विडीवर कावळ्याचाही विश्वास नाही. वेंकूबाई हळूच म्हणाली, नंदिताचे बरे होवो म्हणा. मी तेही म्हटले, देवीशपथ म्हटले. कावळ्याने मान फिरवली. ऊन डोक्यावर आले, ब्राह्मण ताटकळले. तेव्हा मी मोठ्याने बोलले की राघवेंद्रा, तुझी मुलगी हे घर सोडणार नाही. आणि तो उतरला.

शांभवी माझ्या पदराला धरून उभी होती. तिने डोळ्यांनी पाहिले. घरात आल्यावर तिने विचारले की बाबांना हेच हवे होते का. मी होय म्हटले.

तेव्हा आता तुझे भांडण माझ्याशी नाही. ज्याच्याशी आहे त्याला पत्र पोहोचत नाही. एप्रिलात येऊ नको. खाट कोणाला तरी देऊन टाक, कालवा रोज बघायला तू आहेसच.

लोभ कोणावर असावा हे ज्याने त्याने ठरवावे.

धनलक्ष्मी


पापनाशम, ता. १९ एप्रिल २०२५

गं. भा. धनलक्ष्मीबाई यांस,

हे अक्षर माझं आहे. वाकडं आहे, पण दुसऱ्या कुणाचं नाही. फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी सीतारामराव आजोबांच्या तिण्णैवर पाटी घेऊन बसले. माझ्या नर्सरीतली पोरं जाता येता हसायची, टीचर पण शिकतात म्हणून. तुम्हाला एक चांगलं पत्र लिहायचं होतं, तुमच्या अक्षरात, तुमच्या हाती द्यायला. आता लिहिते आहे ते हे.

परवा शाळा सुटली तेव्हा मी फाटकाशी उभी होते. तुम्ही चारच्या आधी येत नाही, ठाऊक होतं. शांभवीनं मला पाहिलं आणि मागे सरली. मी तिचा हात धरला नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी माझं नाव कागदावर पाहिलं आणि तिला सांगितलं, आईबरोबर जा. ती आली, चार हात अंतर ठेवून. बसमध्ये पुढच्या बाईजवळ बसली. अय्यमपेट्टैला ती बाई उतरली तरी ही मागे आली नाही. मी पाऊण तास तिची वेणी बघत आले. वेणी तुम्ही फार घट्ट घालता, कानामागे कातडी ओढली जाते.

घरी शिवकुमारांनी तिच्यासाठी जिलेबी आणली होती. स्वतःजवळ जमलेलं सगळं मराठी त्यांनी एका वाक्यात घातलं, या बाळ बसा जेवा. तिनं त्यांच्याकडे बोट करून मला विचारलं, हेच का ते फळ.

शिवकुमारांना अर्थ कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला मानाचं काही सुचलं नाही. ते उठून आपल्या मोटारीच्या दुकानात गेले, जेवायला आले नाहीत. ती रात्री खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपेत म्हणत होती की कावळा रागावेल.

तेव्हा तुम्ही वाचलंत तेच बरोबर होतं. मी आता माझ्या हातानं लिहून देते :

फळ

पुरावा म्हणून जपून ठेवा. तुमच्या देवघरात ठेवा. मुलगी माझी आहे, कागदावरही आहे, आणि आता ती तुमच्याकडे येणार नाही. सुट्टीतही नाही, तिथीलाही नाही. कावळ्याला तुम्हीच सांगा, तुमची ओळख आहे.

लोभ असावा ही विनंती मागे घेते.

नंदिता


॥ श्री ॥

तंजावर, अक्षय्य तृतीया, ता. ३० एप्रिल २०२५

चि. सौ. नंदितास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पाकिटाला तिकीट कमी होते, पोस्टमनने दहा रुपये मागितले, दिले. सोबत काही नव्हते. पत्र मीच वाचले, कोणाला दाखवले नाही. ळ चांगला काढतेस. फ चे पोट आणखी थोडे भरले पाहिजे.

हे, तुझे सासरे, जाऊन अकरा वर्षे झाली. लग्नाच्या पत्रिका, बँकेचे कागद, सगळीकडे लोक मला गं. भा. लिहितात, कधी टोचले नाही. तुझ्या हातचे टोचले. दोन अक्षरांत एवढे वजन असते हे ती दोनदा पाठवूनही मला ठाऊक नव्हते, किंवा होते म्हणूनच पाठवले.

शांभवीचे दप्तर तिच्याबरोबर गेले, पण घरची वही कोनाड्यात राहिली. काल अक्षय्य तृतीयेची भांडी काढताना हाती आली. वीस ओळी फळ, फळ. माझ्याच देखरेखीखाली लिहिलेल्या. पण पानाच्या सुरुवातीला एक शब्द खोडलेला आहे, तो तिने खोडलेला नाही. मी खोडला. तो बळ आहे.

पहिल्या पत्रात लिहिले की ती अडखळली. ती अडखळली नव्हती. तिने एका दमात वाचले की ते गेल्यावर देवाने मला बळ दिले. वाचून हसली, आणि म्हणाली की अम्माला बळ आले, आता ती मला पूर्वीसारखी उचलून घेईल. मी म्हटले चूक आहे, नीट वाच. तिने पुन्हा बळच वाचले. मी म्हटले फळ आहे. ती रडू लागली तेव्हा वही पुढे केली.

मलाही पहिल्या वाचनाला बळच दिसले होते. दुसऱ्या वाचनाला मी ते दिसू दिले नाही. बळ वाचले असते तर तुझ्यात काही खोट राहत नव्हती. आणि जिच्यात खोट नाही त्या आईला तिची मुलगी द्यावी लागते. एवढेच होते. राघवेंद्र गेला, तू गेलीस, आणि ती गेली की या घरात ताट मांडायचे ते एकच. ते मला नको होते.

कावळ्याचेही सांगते. मी ते वाक्य बोलले खरे, पण बोलता बोलता भातावर दही घातले होते. राघवेंद्राला दहीभाताशिवाय जेवण संपवता येत नसे, ते माझ्या उशिरा ध्यानात आले. तो दह्याला उतरला की शब्दाला, देवी जाणे. मी शांभवीला शब्दाला म्हणून सांगितले. मारियम्मनला साक्ष ठेवून सांगितले. मंगळवारी देवळात गेले, तर दारातूनच परतले.

तू चांगली आहेस म्हणून हे लिहीत नाही. सौ. लिहिले तेही तुझ्यावर उपकार नव्हे, ते आहेस. शांभवीला सांग की आजीने चुकीचे वाचले. तसे नको. सांग की तिने बरोबर वाचले होते आणि आजीने तिला चुकीचे लिहायला लावले. त्या गृहस्थांकडे बोट करायला मीच शिकवले, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांग. मी तमिळमध्ये लिहू शकते, पण हे माझ्याच्याने लिहवत नाही.

वेणी सैल घालायला शिकेन म्हणायचे होते. कोणाची घालू?

मुलगी पाठव म्हणत नाही. तिच्या हातचा एक शब्द मात्र उलट टपाली पाठव, जो तिला लिहावासा वाटेल तो. तमिळ अक्षरांत चालेल. मी बरोबर वाचीन.

धनलक्ष्मी