सुनेनं दार का लावलं

१२ नोव्हेंबर, सास्तूर

आज पुन्हा नर्सबाई नातीला तपासायला घरी आल्या, तर सून रेखानं आतून दार लावून घेतलं. "झोपलीय" असं खोटं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. मग रेखावर चिडले, "ती काय तुला खाते का गं?"

"त्यांचं काय न्हाय, आत्याबाई. मागं पोरीचं वजन कमी भरलं, ते तुम्ही अंगणातूनच शेजारणींना सांगितलं. माझंच दूध कमी, म्हणाल्या समद्या."

मी काळजीनं बोलले होते. पण जिभेला हाड नसतं. आधीच घाबरट जीव, त्यात पहिलटकरीण. आणि लेकराचं वजन करायचं आजही राहिलंच की.

नर्सबाईंना फोन केला. उद्या येते म्हणाल्या. रेखाला म्हटलं, वजन आतल्या खोलीत करू.

"तुम्ही मात्र बाहेर थांबा," म्हणाली.

थांबेन.