टाकीखालची नळी

प्रिय ताई,

तुझं मागचं पत्र दोनच ओळींचं होतं, ‘गाडी विकून टाक, मला तिचं तोंडही पाहायचं नाही.’ म्हणून मी गिऱ्हाईक शोधलं. एक मास्तर आले. लांबच्या प्रवासाची हौस, अगदी तुझ्यासारखीच. त्यांना मागे बसवून मी घाटाकडे निघालो. अर्धा तास गाडी लोण्यासारखी चालली आणि ऐन चढावर तिचा जीवच गेला. मूठ पिळतोय, पण ओढच नाही. मास्तर म्हणाले, “अहो, पेट्रोल संपलं असेल.” टाकी तर निघतानाच काठोकाठ भरलेली.

‘जीवच गेला’, हेच शब्द तू मला दवाखान्यात सांगितले होतेस. “मूठ पूर्ण पिळली होती रे, गाडीचा जीवच गेला.” त्या सहलीत ट्रकला ओलांडताना मध्येच गाडी मंदावली, समोरून मोटार आली, आणि भाऊजींचा पाय गेला. मी तेव्हा गाडी माझ्या गॅरेजात दहा मिनिटं चालू ठेवून पाहिली. मांजरीसारखी गुरगुरत होती. मग तुझ्या सासूबाईंसमोर छातीठोक सांगितलं, “गाडीत काही दोष नाही, ताईचाच गिअर चुकला असणार.” त्यावर तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, चूक कबूल केलीस.

रस्त्याकडेला मी प्लग काढून पाहिला, ठणठणीत. फिल्टर स्वच्छ. शेवटी टाकीचं झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. टाकीत हवा जायला एक बारीक नळी असते. ती दबली की पेट्रोल खाली उतरत नाही. थोडं अंतर चालतं, मग इंजिन उपाशी. गॅरेजात टाकी उचलली, तर नळी टाकी धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली चेपलेली, तिच्यावर खोल वळ. त्या पट्टीला तुमच्या सहलीच्या आदल्या दिवसानंतर कोणी हात लावलेला नाही. त्या दिवशी टाकी मीच बसवली होती, घाईघाईत, तू दारात पिशव्या बांधत उभी असताना.

मास्तरांना गाडी दिली नाही. खरं तर नळी सरळ करून गप्प बसलो असतो, तर कुणाला कळलंही नसतं. आठ दिवस तसाच गप्प होतो, ताई. तेही लिहून ठेवतो, कारण ते आधीच्या चुकीपेक्षा वाईट आहे. तुझी वहिनी म्हणाली, “तिकडे ती रोज बोलणी खात असेल, आणि तुम्हाला घास कसा उतरतो?”

म्हणून हे लिहितोय. येत्या रविवारी सकाळी मी ती नळी घेऊन तुझ्या घरी येतोय. भाऊजींसमोर, सासूबाईंसमोर सगळं माझ्या तोंडाने सांगेन. तू माफ कर असं म्हणत नाही, ते मागायला मला तोंड नाही. दार उघडलं नाहीस, तर बाहेरूनच मोठ्याने सांगेन, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढं. चूक तुझी नव्हती. एवढ्यासाठी मात्र तू रविवारपर्यंत थांबू नकोस, आजच मनाशी पक्कं कर.

तुझाच, तुझ्यावर विश्वास न ठेवलेला
धाकटा