बेलखारची जोडणी

बेलखार, ता. पेण
१७ मार्च २०२५

चि. हर्षद यास सगुणाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन रविवार तुझा फोन लागला नाही. माझा तर घरात मेलेलाच असतो. म्हणून पत्र. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला पत्र लिहायचं दुःख नाही. पण ज्या गावाला शासनाच्या अनुदानातून इंटरनेट आणलं, त्या गावातून पत्र टाकावं लागतं याची तुला लाज वाटावी, म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रजासत्ताकदिनी तू आमच्या पंचायतीत जोडणी सुरू केलीस. फीत कापली, पेढे वाटले, सरपंचांनी तुझ्या कंपनीचं आणि तुला वाढवलं म्हणून माझंही कौतुक केलं. मग तू कॉम्प्युटरवर माझ्या कॉन्व्हेंटचा फोटो उघडून दाखवलास. तीच दगडी कमान, तीच घंटा. न वाचता सही करू नये हे सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेली मी, डोळे पुसत ‘काम पूर्ण, जोडणी चालू’ या दाखल्यावर गावातर्फे सही करून मोकळी झाले. त्या दिवसापासून तुझं ते लोखंडी कपाट कुलपात आहे. किल्ली कोणाकडे, हे ग्रामसेवकांना माहीत नाही. आत हिरवा दिवा लुकलुकतो आणि कॉम्प्युटरवर काहीही उघडत नाही.

एवढंच असतं तर मी नुसतं तोंडसुख घेतलं असतं. पण गावात नेट नाही म्हणून रेशन दुकानदार हिरामण आजवर वहीत अंगठा घेऊन धान्य द्यायचा. तुमच्या दाखल्यामुळे गाव जोडलं गेल्याची नोंद झाली आणि ती सवलत बंद झाली. आता मशिनवर अंगठा जुळल्याशिवाय दाणा नाही, आणि मशिनला नेट नाही. फेब्रुवारीचं धान्य आलं आणि दुकानातच राहिलं. शेतीवाले निभावून नेतील. कातकरवाडीतल्या चुली त्याच तांदळावर पेटतात. तुझ्या लहानपणी पोस्टात पेन्शनला यायची ती ठमी आठवते? तुला करवंदं द्यायची. काल ती दारात बसली आणि म्हणाली, पोस्टाची बाय, तू सही केलीस म्हंजे नेट आला असंलच, मंग माझा तांदूल कुठं अडला? मी तिला डबाभर तांदूळ दिला. तिच्याकडे बघवलं नाही.

ते कुलूप उघड आणि काय ती तार जोड. भाविकाला सातवा लागला असेल, तिला जप. माझा लोभ आहेच. तो टिकवणं तुझ्या हातात आहे.

तुझी आत्या,
सगुणा

रोहा
२६ मार्च २०२५

ती. सगुणाआत्यास हर्षदचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. भाविकानं ते तुझ्या आवाजात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, आत्यांना कंपनीत साहेब करा, सगळे सरळ होतील.

आत्या, बिघाड किरकोळ आहे. हायवेच्या खोदकामात गडब गावाजवळ तार तुटली, असं साहेब म्हणतात. आठवड्याभरात माणूस येईल. तेवढी वर कुठे तक्रार मात्र इतक्यात करू नको. अनुदानाचा शेवटचा हप्ता अडला की कंपनी आमच्यावर खापर फोडणार. मला जूनमध्ये कायम करायचं म्हणतात, आणि जूनमध्येच बाळ येणार.

तोवर हिरामणकाकांना मशिन मिठागराच्या बांधावर न्यायला सांग. तिथे मोबाईलची रेंज धरते, मी स्वतः बघितली आहे. थोडं चालावं लागेल, पण धान्य सुटेल.

पोह्याचे पापड संपले, असा इथून निरोप आहे. राग निवळला की पाठव. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
हर्षद

बेलखार
३० एप्रिल २०२५

चि. हर्षद यास आशीर्वाद.

तुझा माणूस आला नाही. हिरामणनं तू सांगितलंस तसं केलं. महिनाभर तो मशिन आणि छत्री घेऊन बांधावर जाऊन बसतो आणि वाडी त्याच्यासमोर रांग लावते. सावली नाही, पाणी नाही, दोन्ही बाजूंना पांढरंफेक मीठ. निम्म्या लोकांचे अंगठे जुळले. ठमीचा जुळला नाही. जन्मभर मीठ ओढलं, मग वीटभट्टीवर कच्च्या विटा उचलल्या. बोटांवर रेषा राहिलेल्याच नाहीत. मशिन तीन वेळा नाही म्हणालं की हिरामण म्हणायचा, म्हातारे, उद्या ये. ती यायची. कोणीतरी सांगितलं म्हणून अंगठ्याला खोबरेल चोळून यायची. हिरामणला म्हणाली, दादा, त्याला सांग ना मी ठमीच हाय, सगली वाडी वलखतं मला.

गेल्या गुरुवारी, चौथ्या दिवशी, परतताना ती बांधातून पाणी सोडायच्या उघाडीच्या दगडावर टेकली आणि उठली नाही. मी पोचले तेव्हा रेशनची रिकामी पिशवी घडी करून तिच्या डोक्याखाली ठेवलेली होती. ती तिनं ठेवली की कोणी दुसऱ्यानं, कळलं नाही. डॉक्टरांनी ऊन लागलं असं लिहिलं. तिची नात रोशनी सांगते, की आजी दहा दिवस पेजेचं नुसतं पाणी पीत होती आणि शितं हिच्या ताटात घालत होती.

मला एकच विचारायचं आहे. बांधावर रेंज धरते हे तू स्वतः बघितलंस, असं लिहितोस. गेल्या कित्येक वर्षांत जोडणीच्या दिवसाखेरीज तू या गावात आलेला नाहीस. पंचायतीत नेट चालू होतं, तर तू रेंज शोधायला बांधावर कशाला गेला होतास?

आत्या

रोहा
७ मे २०२५

ती. आत्यास नमस्कार.

ठमीआजीचं कळल्यापासून जेवण जात नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर भाविकालाही सांगितलेलं नाही.

तार बेलखारला कधी आलीच नाही. हायवेच्या फाट्यावर संपली आहे. पुढची परवानगी मिळाली नव्हती आणि अनुदानाची मुदत महिनाअखेर संपत होती. साहेब म्हणाले, आत्ता दाखला घेऊ, तार मागाहून टाकू, सगळीकडे असंच चालतं. कपाटात एक भेंडोळं आहे, त्याचं टोक कशालाच जोडलेलं नाही. हिरवा दिवा फक्त विजेचा आहे. समारंभाचे फोटो संध्याकाळच्या आत कंपनीला पाठवायचे होते, म्हणून मी बांधावर गेलो.

तुझ्या शाळेचा फोटो मी इथे रोह्यात नेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर आणला होता. त्याला नेट लागत नाही. तू प्रत्येक कागद उलटसुलट वाचतेस हे मला माहीत होतं. ती घंटा दिसली की वाचणार नाहीस, हेही माहीत होतं.

बाबा गेल्यावर तू मला वाढवलंस. एकदाच पदरात घे. हे वाचून झालं की चुलीत घाल.

हर्षद

बेलखार
१४ मे २०२५

चि. हर्षद,

रोशनीनं आजीच्या बाबतीत अर्ज केला होता. काल उत्तर आलं. सदर गावी जोडणी चालू असल्याने नेटअभावी धान्य नाकारल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सोबत दाखल्याची प्रत, खाली माझी सही. ठळक, कॉन्व्हेंटच्या वळणाची. पोरगी दहावी शिकली आहे, तिनं माझ्याच ओटीवर बसून माझं नाव मोठ्यानं वाचलं. कागदाची घडी घातली आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोस्टात अंगठा उठवला की शेजारी साक्षीदाराची सही लागायची. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्यानंच करायची. ठमीला पेन्शन देताना मी तिचा अंगठा हातात धरून शाईवर टेकवायचे, आणि बाहेर उभ्या असलेल्या कोणी परस्पर सही केली की त्याला हाकलून द्यायचे. त्याच बाईनं फोटो बघून साक्ष दिली. तू मला फसवलंस, पण सही माझ्या हातानं झाली. तुझ्या साहेबांना ती मागायचं धाडस झालं, कारण तिला या गावात वजन होतं. आता राहिलं नाही.

मी नवा अर्ज लिहिला आहे. दाखल्यावर सही करताना मी जोडणी पाहिली नव्हती, दाखला खोटा आहे, वाडीला वहीवर धान्य पूर्ववत द्यावं आणि ठमीच्या मृत्यूची चौकशी व्हावी. खाली रोशनीची सही आहे, मग माझी. साक्षीदाराची जागा रिकामी ठेवली आहे. जोडणी नव्हती हे डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस मला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी, २२ तारखेला, अकरा वाजता मी आणि रोशनी पेणला तहसील कचेरीच्या पायरीवर असू. रोह्याहून सकाळची एसटी धरलीस तर वेळेत पोचशील. आलास तर सही कर, आणि तुझं पत्र तिथेच तुझ्या हातात परत देईन. नाही आलास तर ते अर्जाला जोडीन. चुलीत घातलेलं नाही.

भाविकाला पापड पाठवले आहेत. तिचं यात काही नाही. लोभाचं काय ते पायरीवर बघू.

सगुणा